आकाशाचा फोटो धुताना

आकाशाचा रंगीत फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘हे खरं आहे का?’ दुसराही ठरलेला. ‘मग आम्ही वर बघितलं की असं का नाही दिसत?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पूर्वी त्यांची उत्तरं ‘नासा’वर किंवा पुण्याच्या ‘आयुका’वर सोपवून मोकळं होता यायचं. आता तसं होत नाही. असे फोटो आता संगमनेरच्या नाहीतर श्रीगोंद्याच्या एखाद्या गच्चीवरूनही काढता येतात. काढणारा आपल्याच गल्लीतला असतो, आणि प्रश्न त्याला तोंडावर विचारला जातो.

मी कवी माणूस. बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. पण माझा भाचा शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं एक छोटी स्वयंचलित दुर्बीण घेतली, आणि गेले दोन हिवाळे मी त्याच्या शेजारी बसून तिचे फोटो ‘धुतो’ आहे. ‘धुतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ज्यांनी कॅमेऱ्यात रोल घालून फोटो काढले आहेत, त्यांना तो लगेच कळेल. कॅमेऱ्यातून निघालेला रोल म्हणजे काही फोटो नव्हे. तो अंधाऱ्या खोलीत रसायनातून काढायचा, पाण्यातून काढायचा, वाळवायचा, तेव्हा कुठं त्यावर माणसांचे चेहरे उमटायचे. चेहरे आधीपासून तिथं असायचेच. धुणाऱ्यानं ते काढलेले नसायचे. आकाशाच्या फोटोचंही नेमकं तेच आहे. रसायनाच्या जागी आता संगणक आला, एवढाच फरक.

आधी यंत्राविषयी दोन शब्द. आमच्याकडे आहे तिचं नाव सीस्टार एस ५०. चीनमधल्या झेडडब्ल्यूओ या कंपनीनं ती २०२३ साली बाजारात आणली. वजन अडीच किलो, म्हणजे भाजीच्या पिशवीत आरामात मावेल. पुढचं भिंग ५० मिलिमीटर व्यासाचं. डोळा लावायला जागाच नाही. जुन्या दुर्बिणीवाल्यांना याचा राग येतो, आणि तो मला समजतो. शनीची कडी स्वतःच्या डोळ्यानं पाहण्याचं सुख या डबीत नाही. पण ती जे करते ते डोळ्याला कधीच जमणार नाही. तिपाईवर सपाट ठेवायची, मोबाइलला जोडायची, यादीतून नाव निवडायचं. ती आकाशाचा एक फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची ठेवण पोटातल्या नकाशाशी ताडून बघते, आपण कुठं बघतो आहोत ते ओळखते आणि हव्या त्या दिशेला वळते. मग पृथ्वी फिरेल तशी हळूहळू फिरत राहते आणि दर दहा सेकंदांचा एक, असे फोटो काढत बसते.

अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्यापेक्षा साधारण पन्नास पट प्रकाश गोळा करतं. पण खरी कमाई भिंगाची नाही, वेळेची आहे. आपला डोळा उजेड साठवून ठेवत नाही. क्षणाच्या अंशात जे आलं ते पाहतो आणि पाटी पुसतो. यंत्र तासतास साठवत राहतं. ‘आम्हाला असं का दिसत नाही’ याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं असं, की मंद उजेडात आपल्या डोळ्याचा रंग ओळखणारा भाग काम करत नाही. चांदण्यात लाल लुगडं काळं दिसतं. म्हणून लुगड्याचा लाल रंग कुठं गेलेला नसतो.

आता त्या रात्रीचा पहिला, दहा सेकंदांचा फोटो उघडा. समजा मृग नक्षत्रातला तेजोमेघ घेतला आहे. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आपण सगळे ओळखतो. त्यांच्या जरा खाली हा तेजोमेघ आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. (आपल्याकडे ‘मृग लागला’ म्हणजे पाऊस आला. पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून मृगाच्या पावसात मृग कधीच दिसत नाही. तो दिसायचा हिवाळ्यात, रब्बीला पाणी देताना.) पडद्यावर काय दिसतं? जवळजवळ काळी चौकट. चार-दोन तारे, मधोमध एक धुरकट ठिपका, आणि सगळीकडे बारीक खसखस पेरल्यासारखे दाणे. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, पैसे वाया गेले.

ते दाणे म्हणजे काय, हे मला भाच्यानं रेडिओचं उदाहरण देऊन सांगितलं. मीडियम वेव्हवर लांबचं स्टेशन लावलं की मागं खरखर असते. समजा त्या स्टेशननं एकच वाक्य शंभर वेळा म्हटलं, तुम्ही ते शंभर वेळा ध्वनिमुद्रित केलं आणि सगळी मुद्रणं एकदम वाजवली. शब्द दर वेळी तेच, म्हणून ते शंभर पट मोठे होतील. खरखर मात्र दर वेळी निराळी, कधी वर कधी खाली. ती एकमेकीला खात जाते आणि शंभर पट न वाढता फक्त दहा पट वाढते. शंभराचं वर्गमूळ दहा. म्हणजे खरखरीच्या मानानं शब्द दहा पट स्पष्ट. आकाशाच्या फोटोंचं गणित हेच आहे. एका तासात दहा-दहा सेकंदांचे ३६० फोटो होतात. ते एकावर एक रचले की दाणे विरत जातात आणि तेजोमेघाचे पंख दिसू लागतात. याच्या दुप्पट स्पष्ट हवं असेल तर दोन तास पुरत नाहीत, चार लागतात. निसर्ग इथं फार कडक सावकार आहे.

रचायचं म्हणजे नुसती चळत लावायची नाही. मृग उगवताना आडवा असतो, डोक्यावर येईतो उभा होतो. तसा प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा किंचित फिरलेला असतो. संगणक प्रत्येक फोटोतल्या ताऱ्यांचे त्रिकोण शोधतो आणि त्रिकोणावर त्रिकोण बसवतो. त्यामुळं चौकटीच्या कडा दातेरी होतात, त्या शेवटी कापून टाकायच्या. मधे एखादं विमान गेलेलं असतं, उपग्रह गेलेला असतो. पण ती रेघ ३६० पैकी एकाच फोटोत त्या जागी असते. उरलेले ३५९ म्हणतात, इथं काही नव्हतं. बहुमतानं रेघ बाद. इतकं स्वच्छ बहुमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हे रचण्याचं काम दुर्बीण स्वतःच करते आणि तयार फोटो मोबाइलवर देते. बहुतेक जण तिथंच थांबतात. थांबायला हरकत नाही, चित्र बरं असतं. पण ज्याला पुढं जायचं आहे त्यानं दुर्बिणीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक फोटो वेगळा साठवण्याची सोय आधीच चालू करून ठेवावी. एक फोटो सुमारे चार मेगाबाइटचा, म्हणजे तासाचे दीड गिगाबाइट. जागा जाते, जाऊ द्या. धुण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आम्ही ‘सिरिल’ वापरतो. कुणीही उतरवून घ्यावं. भाच्याचा जुना लॅपटॉप त्यावर तासभर घरघरत बसतो, तोवर आम्ही चहा करतो.

रचलेला फोटो उघडला की तो हिरवट दिसतो. पहिल्यांदा मला वाटलं, यंत्र बिघडलं. कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी चकती असते, तिच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चष्म्यांची जाळी असते. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. आपला डोळा हिरव्याला जास्त जागा देतो म्हणून कॅमेऱ्यातही तशी रचना. हिरव्याचा वाटा मुळातच जास्त. भाचा म्हणाला, ‘मामू, हिरवा पुसायचा नाही, मोजून जागेवर आणायचा.’ मोजायचं कशानं? तर ताऱ्यांनी. युरोपच्या ‘गाया’ उपग्रहानं २०१४ ते २०२५ या काळात दीडशे कोटींहून अधिक ताऱ्यांची मोजणी केली, त्यांचे रंगसुद्धा. आपल्या चौकटीतले तारे त्या यादीत सापडतात. यादी म्हणते हा तारा इतका निळा, तो इतका तांबडा. त्यावरून संगणक सगळ्या चित्राचे रंग लावून घेतो. म्हणजे गच्चीवर बसलेल्या माणसाला कुठला रंग आवडतो, याला इथं विचारत नाहीत.

मग गुलाबी रंग कुठून आला? तो हायड्रोजनचा. तापलेला हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात उजळतो. त्या प्रकाशाची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तेजोमेघात दुसराही एक मोठा रंग असतो, निळसर हिरवा, ५०१ नॅनोमीटरचा. आमच्या दुर्बिणीच्या पोटात एक फिल्टर, म्हणजे गाळणी आहे. ती हव्या त्या वेळी पुढं सरकते आणि या दोन रंगांच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या आत सोडते. रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर राहतो.

त्या निळसर हिरव्या रंगाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिचा एक धागा आपल्या शेजारी, पुण्यात आहे. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसेल असं त्यांना वाटलं होतं. दिसल्या मोजक्या रेषा, त्यातली मुख्य रेषा हिरवी. ती पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. मग हे एखादं नवंच द्रव्य असेल म्हणून त्याला ‘नेब्युलियम’ असं नावसुद्धा देऊन टाकलं गेलं. नॉर्मन लॉकियर या मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं निराळं होतं. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली खूण आहे, असं ते सांगत.

त्या काळात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून १८८८ च्या सुमारास तिथं वेधशाळा उभी राहिली, आणि तिच्यासाठी आरशाची दुर्बीण आली. ती त्या वेळी भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. नायगमवालांनी १८९१ च्या सुमारास याच मृगातल्या तेजोमेघाकडे तिचं तोंड वळवलं आणि ती हिरवी रेषा तपासली. मॅग्नेशियमची असती तर ती एका अंगानं पसरट, धूसर दिसायला हवी होती. त्यांना ती नेहमी बारीक आणि रेखीव दिसली. तसं त्यांनी लिहून कळवलं. लॉकियर यांच्यासारख्या माणसाच्या मताविरुद्ध जाणारं निरीक्षण पुण्याहून लिहून पाठवणं, त्या काळात, ही लहान गोष्ट नव्हती. पुढं २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी जेऊरला तळ ठोकला. हे करमाळ्याकडचं, रेल्वे स्टेशनचं जेऊर. आमच्या नगर तालुक्यातलं जेऊर वेगळं. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली.

हिरव्या रेषेचा उलगडा १९२७ साली झाला. अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की हे नवं द्रव्य वगैरे काही नाही, हा आपला नेहमीचा ऑक्सिजनच. फक्त त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत आणि तो इतका विरळ आहे की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी पोकळी करणं अवघड. आपण श्वासात घेतो तोच वायू तिथं हिरवा पेटलेला आहे. १८९१ च्या सुमारास पुण्याच्या दुर्बिणीला डोळा लावून पाहिलेली ती रेषा आज अडीच किलोच्या डबीतल्या गाळणीतून दहा सेकंदांत नोंदली जाते. म्हणून कुणी म्हणालं की रंग संगणकानं भरले, तर मला नायगमवाला आठवतात. रंग भरलेला नाही. तो तिथून निघालेला आहे, आणि कुणाच्या तरी डोळ्यानं मोजून झालेला आहे.

आता सर्वांत नाजूक काम. इंग्रजीत ज्याला ‘स्ट्रेच’ म्हणतात, ते ताणणं. रचलेल्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा, शून्य ते ६५,५३५ या दरम्यानचा. समजा मोकळ्या आकाशाचा आकडा १२०० आहे, तेजोमेघाच्या सर्वांत फिकट कडेचा १२१०, आणि एखाद्या ठळक ताऱ्याचा ६०,०००. हे तिन्ही पडद्यावर जसेच्या तसे दाखवले, तर १२०० आणि १२१० मधला फरक कुणाच्या बापालाही दिसणार नाही. म्हणून खालच्या आकड्यांमधली अंतरं वाढवायची आणि वरच्यांमधली कमी करायची. तहसील कचेरीतल्या रांगेसारखं समजा. मागची माणसं एकमेकांना चिकटून उभी आहेत, त्यांना जरा लांब लांब उभं करायचं; पुढची ऐसपैस आहेत, त्यांना जवळ आणायचं. पण क्रमांक कुणाचा बदलायचा नाही. जो ठिपका दुसऱ्यापेक्षा उजळ होता, तो नंतरही उजळच राहिला पाहिजे.

मला वाटतं, खऱ्या-खोट्याची रेघ इथंच आखता येते. जुन्या स्टुडिओंत दोन वेगळी कामं असत. एक धुणाऱ्याचं. दुसरं रिटचिंग करणाऱ्याचं. हा दुसरा माणूस निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवायचा; देवीचे वण बुजवायचा, नवरीच्या गालावरची खळी भरायचा. लग्नाच्या फोटोत ते खपून जायचं, उलट त्याचे पैसे जास्त मिळायचे. आकाशाच्या फोटोत धुणं चालतं, पेन्सिल चालत नाही. साऱ्या चौकटीला एकच नियम लावला तर ते धुणं. ‘इथं जरा गुलाबी कमी वाटतंय’ म्हणून ब्रश घेऊन तेवढ्याच जागी रंग चढवला तर ती पेन्सिल.

मधल्या काही गोष्टींवर वाद आहेत. चित्रातून तारे तात्पुरते बाजूला काढून तेजोमेघ वेगळा उजळायचा आणि तारे परत ठेवायचे, ही रीत आता सर्रास चालते. मला ती पटते, पण ती सांगितली पाहिजे. हबल दुर्बिणीनं १९९५ साली काढलेला गरुड तेजोमेघातल्या वायूच्या खांबांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. डोळ्याला ते तसे दिसणार नाहीत. पण शास्त्रज्ञांनी ते लपवलं नव्हतं. कुठल्या वायूला कुठला रंग, हे त्यांनी उघड सांगितलं. नकाशात नदी निळी दाखवतात, तसंच हे. माझा आक्षेप आहे तो चित्र ‘धारदार’ करून देणाऱ्या काही नव्या बुद्धिमान सॉफ्टवेअरना. त्यांनी हजारो चित्रं पाहिलेली असतात. तुमच्या चित्रात जिथं माहिती नाही, तिथं ती ‘असं असावं’ म्हणून धागे विणून देतात. चित्र सुंदर होतं. पण मग ते तुमच्या आकाशाचं राहत नाही.

ईदचा चंद्र दिसल्याची गवाही द्यायला माणूस जातो, तेव्हा ‘दिसला’ एवढं म्हणून भागत नाही. कुठून पाहिला, किती वाजता, कोर कुणीकडं झुकली होती, आकाश स्वच्छ होतं का, हे विचारतात. त्यात अविश्वास नसतो. साऱ्या गावाचा सण त्या शब्दावर ठरणार असतो, म्हणून विचारायचं. फोटोखाली आम्ही चार ओळी लिहून ठेवतो, त्या याच सवयीनं. ठिकाण, तारीख, किती सेकंदांचे किती फोटो, गाळणी होती की नाही, आणि नंतर काय काय केलं.

या चार ओळी कामाला आल्या, ती हकिकत सांगतो. भाच्याची नववीतली एक विद्यार्थिनी याच तेजोमेघाचा फोटो घेऊन एका विज्ञान प्रदर्शनात गेली. तासाभराचं काम, सगळं तिनं स्वतः धुतलेलं. परीक्षक म्हणाले, ‘हा नेटवरून घेतलेला दिसतो.’ मुलगी रडली नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि त्यांना पहिला काळा फोटो दाखवला. मग २० रचलेला, मग १००, मग ३६०. मग एका फोटोतली विमानाची रेघ दाखवली आणि ती पुढं कुठं गेली ते सांगितलं. ‘हा गुलाबी रंग तू दिलास का?’ असं विचारल्यावर म्हणाली, ‘नाही सर, हायड्रोजननं.’ बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. पण परीक्षक जाताना तिचे मूळ फोटो पेन ड्राइव्हवर मागून घेऊन गेले.

त्या परीक्षकांना मी दोष देत नाही. आपल्या मोबाइलवर रोज काय येतं ते पाहा. दर दिवाळीला एक चित्र फिरतं, ‘नासानं टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत’. काळ्या पार्श्वभूमीवर देश पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल दिव्यांनी लखलखतो आहे. ते चित्र खोटं नाही. त्याची ओळख खोटी आहे. ते दिवाळीचं नाही आणि नासाचंही नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान संस्थेतल्या ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञानं उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते २००३ मध्ये तयार केलं. १९९२ पूर्वीपासून असलेले दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. म्हणजे वस्ती आणि वीज कुठं कुठं पसरत गेली त्याचा तो हिशेब. नासानं २०१२ साली खऱ्या दिवाळीच्या रात्रीचा फोटो प्रसिद्ध करून सांगितलं की पणत्यांचा जादा उजेड वरून जाणवतसुद्धा नाही. पण लोकांना पणत्याच आवडल्या.

मला मात्र त्या चित्रातले लाल ठिपके जास्त सतावतात. कारण धुण्याच्या सगळ्या युक्त्या जिथं हरतात, ती जागा म्हणजे हा उजेड. नगर शहरात (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) गच्चीवरून काढलेल्या फोटोत एका बाजूला पिवळसर पांढरा चढ असतो, खालून दिवा लावल्यासारखा. संगणकाला त्या चढाचा उतार मोजता येतो आणि वजाही करता येतो. फक्त मोजताना बिंदू मोकळ्या आकाशावर ठेवावे लागतात. चुकून तेजोमेघाच्या फिकट कडेवर पडला, तर उजेडाबरोबर तीही वजा होते. इतपत ठीक. पण शहराचा उजेड आपल्याबरोबर आपली खरखरही घेऊन येतो. उजेड वजा होतो, त्याची खरखर वजा होत नाही. त्या खरखरीत जे दूरचं, फिकट बुडालं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला वर काढता येत नाही. जुने सोडियमचे पिवळे दिवे एका ठरावीक पट्टीत जळायचे, ते गाळणीनं अडायचे. नवे पांढरे एलईडी बहुतेक सगळ्या पट्ट्यांत थोडे थोडे आहेत. आणि दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची बेटं, त्यांच्यासाठी गाळणीचा उपयोगच नाही. ताऱ्यांचा उजेडही सगळ्या रंगांचा असतो, दिव्यांसारखाच.

देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी ९६४ साली ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात तिची नोंद ‘छोटा ढग’ अशी केली. कसली दुर्बीण, कसलं काय, नुसत्या डोळ्यांनी. काक्षी, राजन्य असे आपल्याकडचे ताऱ्यांचे शब्द मला आवडतात, तसे त्या अरबी परंपरेतून आलेले रिगेल आणि अल्देबरानही आवडतात. पण नगरच्या गच्चीवरून तो छोटा ढग आता मला दिसत नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला, अकोले तालुक्यात, कार्तिकातल्या अमावास्येला अजून दिसतो. कळसूबाई तिथंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. मे अखेरीला काजवे पाहायला गाड्याच्या गाड्या त्याच भागात जातात आणि हेडलाइट लावून काजवे शोधतात. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे राखलेल्या अंधाराचा दर्जा मिळाला, भारतातला तो पहिला. त्यासाठी भोवतालच्या गावांतले दिवे बदलून खाली उजेड टाकणारे बसवले गेले. दिवे काढले नाहीत, फक्त त्यांचं तोंड खाली केलं. आपल्या जिल्ह्यात हे अवघड का असावं, मला कळत नाही. स्वच्छ आकाशाचे महिने आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकच, पाचटाचा धूर त्यात भर घालतो, हे खरं आहे. पण अकोल्याचा डोंगराळ पट्टा त्यापासून बराच दूर आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका नगरच्या गच्चीवरून घेतली. एक तास, ३६० फोटो. गाभा आला, त्याच्याभोवती पुसट धूर आला. तिचे सर्पिल हात काही निघेनात. भाच्यानं चढ वजा करायचे बिंदू तीनदा बदलले, ताणून पाहिलं. हातांच्या आधी दाणेच वर आले. शेवटी त्यानं ती फाइल तारीख घालून तशीच ठेवून दिली, आणि पुढच्या अमावास्येला आम्ही दुर्बीण पिशवीत घालून राजूरकडं जाणारी एसटी धरली. तिथंही एकच तास घेतला. पहिले साठ फोटो रचून होतात न होतात, तोच मोबाइलच्या पडद्यावर एक हात दिसायला लागला. अजून काही धुतलेलंही नव्हतं.